स्वभावाला औषध



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत पाठ्यपुस्तकातलंच एखादं प्रकरण घ्यावं असं मला वाटलं. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सुरुवातीलाच ‘वर्तनाचा जैविक पाया’ असं एक प्रकरण येतं. मुलांना ते नकोसं वाटतं. प्रेम, राग, स्वप्नं, व्यक्तिमत्त्व असं काही शिकायला मिळेल म्हणून ती या विषयाकडे वळलेली असतात, आणि समोर येतात चेतापेशी, ग्रंथी, मेंदूच्या आडव्या छेदाच्या आकृत्या. परीक्षेपुरतं पाठ करून ती पुढे जातात. माझ्या मते सबंध पुस्तकात माणसाच्या सर्वांत जास्त उपयोगी पडणारं प्रकरण हेच आहे. उपयोगी कुणाच्या, तर घरात राहणाऱ्या, आईवडील सांभाळणाऱ्या, मुलं वाढवणाऱ्या कुणाच्याही.

आपल्याकडे म्हणतात, स्वभावाला औषध नाही. सून उठत नाही, ती आळशी. मुलगा बोलत नाही, तो घुमा. सासरे एकाएकी बरळायला लागले, त्यांना म्हातारचळ. आणि फारच झालं तर आपल्या जिल्ह्यातलं ठरलेलं वाक्य असतंच: याला ठाण्याला न्यायला पाहिजे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. शंभराहून जास्त वर्षं तिथे माणसांवर उपचार होत आले आणि आपण त्या गावाच्या नावाची शिवी करून ठेवली. मला आज एवढंच सांगायचं आहे की वागण्याला शरीर असतं, आणि त्या शरीरावर भोवतालच्या माणसांच्या वागण्याचे वळ उठतात. ही दोन्ही टोकं एकदम हातात धरायची. पहिलं सुटलं की आजाऱ्याला आपण गुन्हेगार ठरवतो, दुसरं सुटलं की माणूस यंत्र वाटायला लागतो.

सुरुवात मीरा-भाईंदरमध्येच करू. या प्रकरणाचं पहिलं पान उलगडायला लागणाऱ्या दोन्ही वस्तू आपल्या गावात आहेत. एक उत्तनच्या बाजारात मिळते, दुसरी आपल्या मिठागरांत पिकत आली.

उत्तनला होड्या लागल्या की बोंबील-पापलेटाच्या जोडीला कधी माकूळही टोपलीत येतं. कोळीण ते साफ करते तेव्हा बोट घालून आतलं काचेसारखं पारदर्शक पातं सर्रकन ओढून काढते. त्याच मांसल आवरणाच्या आतल्या अंगाने एक पांढुरका दोरा जातो. साफ करणाऱ्याचं त्याच्याकडे लक्ष जायचं कारण नाही. तो एकच चेतातंतू असतो आणि मोठ्या माकुळात त्याची जाडी अर्ध्या ते एक मिलिमीटरपर्यंत भरते. माणसाच्या शरीरातले असे तंतू सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत, हा नुसत्या डोळ्यांना दिसतो. संकट दिसलं की माकूळ आवरण आवळून पाण्याची चिळकांडी सोडतं आणि मागच्या मागे पसार होतं. त्यासाठी निरोप फार वेगाने जावा लागतो, आणि तंतू जाड असला की निरोपाचा वेग वाढतो.

१९३६ साली जे. झेड. यंग यांनी हा जाड दोरा म्हणजे चेतातंतूच असल्याचं दाखवून दिलं. मग ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या इंग्लंडमधल्या दोघा शास्त्रज्ञांनी त्याच्या आत इलेक्ट्रोड सरकवला. मध्ये महायुद्ध आलं, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. १९५२ साली त्यांनी जे मांडलं त्याला १९६३ चं नोबेल मिळालं. त्यांना आढळलं ते असं. तंतूच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. निरोप निघाला की तंतूच्या पापुद्र्यातली दारं क्षणभर उघडतात, सोडियम आत घुसतं, विजेचा दाब उलटतो, लगेच पोटॅशियम बाहेर पडतं आणि सगळं पूर्ववत होतं. एका जागी हे सारं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं आणि तीच लाट पुढे सरकते. विचार, आठवण, संताप, माया, यांतलं काहीही या लाटेवाचून होत नाही. दातांचा डॉक्टर हिरडीत सुई देतो आणि दुखणं थांबतं, ते सोडियमची ही दारं औषधाने बंद झाल्यामुळे.

सोडियम म्हणजे मिठातला अर्धा भाग. भाईंदरच्या आगरांत समुद्राचं पाणी कोंडून, उन्हात आटवून लोक पिढ्यान्‌पिढ्या जे खरवडत आले, त्यातलंच हे मूलद्रव्य. बरीच आगरं आता पडीक आहेत. पण सोडियम हा शब्द अलीकडे आपल्या घरांत वेगळ्या वाटेने शिरला आहे. ‘बाबांचं सोडियम लो झालं होतं, चार दिवस ॲडमिट होते,’ हे वाक्य कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात ऐकू येतं.

या वाक्यापाशी थोडं थांबू या, कारण वर्तनाचा जैविक पाया इतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतो. पंच्याहत्तरीचे गृहस्थ. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. त्यात जुलाब झाले, किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून मीठ पार सोडलं आणि पाणी मात्र तांब्यावर तांब्या. दोन दिवसांत माणूस बदलतो. रात्री उठून कपाट उचकतो, मुलाला भावाच्या नावाने हाक मारतो, चिडतो, मध्येच गुंगतो, चालताना झोकांड्या जातात. घरातले म्हणतात, वय झालं. कुणी म्हणतं, मुद्दाम करतात. रक्त तपासलं तर सोडियम ११८. ते असायला हवं दर लिटरला १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट. इस्पितळात हळूहळू, मोजून मापून ते वर आणतात आणि तेच गृहस्थ पुन्हा पेपर मागायला लागतात. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. ही पातळी झटक्याने वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून घरी मीठ-पाणी पाजण्याचे उद्योग कुणी करू नयेत. सांगायचं हे की ज्याला आपण ‘मुद्दाम’ म्हणालो ते रक्तातल्या एका क्षाराचं कमी होणं होतं. थायरॉइड कमी पडला तरी माणूस मंद आणि उदास होतो. ब-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी विसरभोळेपणा आणि चिडचिड येऊ शकते, आणि शाकाहारी घरांत ही उणीव पुष्कळ असते.

एका पेशीतून निघालेला निरोप दुसरीपर्यंत मात्र बहुतेक ठिकाणी विजेने जात नाही. दोघींच्या मध्ये बारीकशी फट असते आणि ती रसायनाने ओलांडावी लागते. तंतूच्या टोकाशी इवल्याशा पिशव्या असतात, त्यांत ते रसायन भरलेलं असतं. लाट आली की पिशवी फुटते. हे कळण्याच्या वाटेवरचा एक मोठा टप्पा मुंबईतला आहे, आणि तो आपल्या मुलांच्या पुस्तकात सहसा नसतो.

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. झोप येण्यासाठी, भ्रमिष्टपणावर वैद्य तिचं मूळ देत आले. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर ती काटेकोरपणे वापरून पाहिली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. त्या निबंधाने जगातल्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं रेसर्पीन वेगळं काढलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णालयातल्या रुग्णांवर सर्पगंधा वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत वकील होते आणि क्लाइनही. परळच्या एका वॉर्डात रक्तदाब मोजता मोजता मनाच्या रसायनशास्त्राचं दार किलकिलं झालं, ही गोष्ट मुंबईकरांना माहीत नसावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत डॉक्टरांना खिन्नता दिसायला लागली. पुढे या नोंदींची फेरतपासणी झाली तेव्हा त्यांतल्या कित्येकांचं ते खरं नैराश्य नसून सुस्ती आणि गुंगी होती, असं मत पुढे आलं. तरी प्रश्न पडायचा तो पडलाच होता: एक मुळी माणसाचा हुरूप काढून घेते, तर ती नेमकं काय करते? उत्तर असं निघालं की टोकाशी असलेल्या त्या पिशव्यांत रसायन भरण्याची क्रियाच रेसर्पीन बंद पाडतं. सेरोटोनिन, नॉरॲड्रिनलिन, डोपामिन उघड्यावर पडतात आणि पेशीतच त्यांची विल्हेवाट लागते. पिशव्या रिकाम्या. लाट येते, पण पुढे द्यायला काही नसतं.

स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन दिलं. ससे जागच्या जागी बसून राहिले, कान खाली पडलेले, ढोसलं तरी हलेनात. मग त्यांना डोपा हे द्रव्य टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं. थोड्याच वेळात कान उभे राहिले आणि ससे चालायला लागले. हे १९५७ सालचं. पुढे १९६० मध्ये व्हिएन्नात कंपवाताने, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराने, वारलेल्या माणसांचे मेंदू तपासले गेले आणि त्यांत हेच डोपामिन फार कमी आढळलं. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कोटझियास यांनी रुग्णांना डोपाच्या मोठ्या मात्रा तोंडाने देऊन हालचाल परत आणून दाखवली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आणि हे डोपा आपल्या रानात आहेच. पावसाळा संपताना झाडाझुडपांवर चढलेली, लवदार शेंगांची खाजकुइली. ती अंगाला लागली म्हणजे काय होतं हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. तिच्या बियांत डोपा असल्याचं मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्येच दाखवलं होतं, आणि आयुर्वेदात कंपवातावर तिचं नाव आधीपासून होतं. मुंबईतल्या डॉ. अशोक वैद्य यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात पार्किन्सनच्या रुग्णांवर तिचा शिस्तीत अभ्यास केला. म्हणून उद्या कुणी बिया कुटून खायला लागू नये. प्रत्येक बीत मात्रा वेगळी, आणि चालू गोळ्यांच्या वर ती पडली तर त्रास होतो.

पार्किन्सनमध्ये हात थरथरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी जे होतं ते वागण्यात दिसतं आणि घरात त्याचा अर्थ उलटा लागतो. अक्षर बारीक होत जातं. चालताना एक हात हलायचा थांबतो. आवाज खाली येतो. चेहऱ्यावरचे स्नायू कमी हलतात, म्हणून माणूस हसत नाही असं वाटतं. बायको म्हणते, हे हल्ली तुसडे झालेत. आतून तो माणूस तुसडा नसतो, त्याला नातवाचं कौतुक तितकंच असतं. चेहरा ते पोचवत नाही. पुढच्या टप्प्यात चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, विशेषतः दाराच्या उंबऱ्याशी. अशा वेळी मागून ढकलायचं नाही, ‘चला ना’ म्हणून घाई करायची नाही. आपलं पाऊल त्यांच्या पुढ्यात आडवं ठेवायचं आणि ओलांडा म्हणायचं. पुष्कळदा पाय सुटतो. जमिनीवरच्या पट्ट्या किंवा तालही हे करतात, कारण आपण होऊन हालचाल सुरू करण्याची वाट बिघडली तरी डोळ्याकानांकडून येणाऱ्या इशाऱ्याची वाट बरीच शाबूत असते. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार पार्किन्सनच्या रुग्णांना नृत्य शिकवत आले आहेत. ज्यांना खोली ओलांडणं जड जातं ती माणसं तालावर पावलं टाकतात.

याच आजाराने मला जबाबदारी या शब्दाबद्दल सर्वांत जास्त विचार करायला लावलं. डोपामिनची नक्कल करणारी काही औषधं यात देतात. थोड्या रुग्णांत त्यांचा विलक्षण परिणाम होतो. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेला माणूस जुगार खेळायला लागतो, नको त्या वस्तूंची खरेदी करत सुटतो. औषध कमी केलं किंवा बदललं की बहुधा हे थांबतं. मग तो जुगार कुणाचा? त्या माणसाचा की गोळीचा? या प्रश्नाचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही, आणि कुणाकडे आहे असं मला वाटत नाही. पण बिल भरताना घरच्यांनी त्याला चोर म्हणण्याआधी डॉक्टरांना फोन करायला हवा, एवढं नक्की. लाजेपोटी रुग्ण हे स्वतःहून सांगत नाही, म्हणून विचारावं लागतं.

आता दुसरं टोक. डॉ. अशोक वैद्य यांच्या कन्या प्रा. विदिता वैद्य कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सेरोटोनिनवर आणि मनःस्थितीच्या विकारांवर काम करतात. २०२२ चं इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळालं. चर्चगेटची गाडी पकडून आपण ज्या दिशेला रोज जातो, त्याच दिशेला हे संशोधन चाललेलं आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या नवजात पिल्लांना पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवलं. ती पिल्लं मोठी झाल्यावर जास्त भित्री, जास्त चिंताग्रस्त निघाली, आणि त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात सेरोटोनिनला प्रतिसाद देणाऱ्या एका ग्राहीचं काम वाढलेलं आढळलं. त्या कोवळ्या दिवसांतच या प्रकारच्या ग्राहींना अडवणारं औषध दिलं तर पुढची चिंता बरीच टळली. म्हणजे लहानपणीचा अनुभव शरीरात उतरून बसला होता. स्वभाव म्हणून जे दिसलं त्याला इतिहास होता.

ही गोष्ट भाईंदरमध्ये सांगताना मला एक खुलासा केलाच पाहिजे. समोर बसलेल्यांत पहाटे डबा भरून लोकल गाठणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या कितीतरी आया आहेत. त्यांनी मनात अपराध घेऊन घरी जाऊ नये. उंदराचं आंधळं पिल्लू आईच्या उबेवाचून एकटं पडणं आणि आपलं मूल आजीच्या मांडीवर किंवा चांगल्या पाळणाघरात खेळणं, यांत फार अंतर आहे. माणसाच्या बाळाला माया करणारे हात अनेक असू शकतात. प्रयोगाचा रोख आईच्या नोकरीकडे नाही. तो उपेक्षेकडे आहे, मारहाणीकडे, रोजच्या दहशतीकडे. घरात दारू पिऊन आरडाओरडा चालतो तेव्हा खाटेखाली लपलेल्या पोराच्या मेंदूत काहीतरी घडत असतं, हे बापाला कुणीतरी सांगायला हवं.

नैराश्य म्हणजे सेरोटोनिन कमी, इतकं सोपं समीकरण मात्र करू नका. नैराश्यावरची नेहमीची औषधं सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत घडवतात, माणसाला बरं वाटायला आठवडे जातात. मधल्या काळात पेशी स्वतःला बदलत असतात आणि तो बदल कसा होतो यावर अजून काम चालू आहे. म्हणूनच आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडू नयेत, आणि बरं वाटलं म्हणून मनानेही बंद करू नयेत.

शरीराला सगळं माफ, असं मी म्हणतोय असं कुणाला वाटेल. तर सकाळची विरार लोकल बघा. दारातले लोक भाईंदरकराला आत घेत नाहीत, हा आपला जुना अनुभव. छातीत धडधड, हाताला घाम, आवाज चढलेला. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन सुटलेलं असतं, दारातल्याच्या अंगात आणि फलाटावरच्याच्याही. त्याच गाडीच्या पुढच्या डब्यात भजनी मंडळ टाळ कुटत असतं. तितकीच गर्दी, तोच उकाडा, तशीच दमलेली शरीरं. एका डब्यात हातघाई, दुसऱ्यात अभंग. शरीराने दोघांनाही तयारीत उभं केलं होतं. पुढे काय करायचं हे त्या डब्यातल्या रिवाजाने ठरवलं, आणि रिवाज माणसं घालतात. आजारी माणसाला सूट द्यायची ती त्याच्या आजारापुरती. धडधाकट माणसाने ‘माझा स्वभावच तापट’ म्हणून हात उगारला तर ती सबब मी ऐकून घेणार नाही.

तेव्हा घरातल्या कुणाचं वागणं थोड्या दिवसांत बदललं, तर आधी ‘कधीपासून’ हा प्रश्न विचारा. नवी गोळी कोणती सुरू झाली, झोप किती, खाणं किती, हे लिहून काढा. सोडियम, साखर, थायरॉइड, ब-१२ या तपासण्या आपल्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. त्यातून काही निघालं नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाता तसंच जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला सांगितलं आहे, ते मागून घ्या. आणि रात्री-अपरात्री धीर सुटला, कुणाला विचारावं कळेना, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा चोवीस तास, विनामूल्य चालते. क्रमांक १४४१६. तिथे मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक आत्ता मोबाइलमध्ये साठवून घ्या, मी थांबतो. मग प्रश्न विचारा.